बागच्या लेण्यातली प्रार्थना

श्रीलंकेहून हिंदी शिकायला आलेली एक मुलगी वर्षभर देवासला आमच्या घरी राहिली होती. सुट्टी मिळाली की मी तिला कुठेतरी फिरायला न्यायचे. एकदा आम्ही धारवरून बसने बाग गावाजवळची बौद्ध लेणी बघायला गेलो.

लेण्यात मिट्ट काळोख होता. चौकीदाराने टॉर्च मारला आणि आतल्या गाभाऱ्यात खडकातून कोरलेला भलामोठा स्तूप समोर आला. ती जागीच थबकली.

"दीदी, यहाँ प्रार्थना कर सकती हूँ?" तिने हळूच विचारलं. मी चौकीदाराकडे बघितलं. त्याने मान डोलावली.

गुडघे टेकून ती पाली भाषेत प्रार्थना म्हणायला लागली. हिंदी बोलताना शब्दाशब्दाला अडखळणारी ही मुलगी आता कुठेच थांबत नव्हती. तिचा बारीक आवाज दगडी खांबांमधून घुमून असा परत येत होता, की वाटावं, अंधारात पुष्कळ माणसं बसून तिच्याबरोबर म्हणताहेत. 'शरण' हा एवढा एकच शब्द मला ओळखू आला.

प्रार्थना संपली. मग टॉर्च विझवून चौकीदार म्हणाला, "बिटिया, एक बार और बोलो."

तिने पुन्हा सुरुवात केली, तेव्हा मीही तिच्या शेजारी गार फरशीवर बसले आणि हात जोडले.