धोंडनिंबची पूररेघ खाली कोणी आणली?

शुक्रवार, १२ मार्च १९६५, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. या घटकेला माझ्या माहेरी, धोंडनिंबला, नव्या शाळेची कोनशिला येरळा नदीच्या अगदी काठावर बसवली गेली. वेळ मला नेमकी ठाऊक आहे, कारण ती निमंत्रणपत्रिकेत छापली होती. पत्रिका साताऱ्यात माझ्या हाती पडली सोमवारी. टपालाचा शिक्का शनिवारचा, म्हणजे समारंभ उरकल्यानंतरचा. गावातून बाहेर पडून ज्या बाईने जन्मभर भूगोल शिकवला, नेमकी तिचीच पत्रिका उशिरा टाकली जाते, हा योगायोग मानायला मी तयार नाही.

बुधवारी पहाटेच्या मोटारीने निघाले. सोबत हाना होती. सांगलीच्या साखर कारखान्यात यंत्रे बसवायला आलेल्या चेक इंजिनिअरची ही बायको महिन्यातून काही दिवस माझ्याकडे राहून इंग्रजीचा सराव करते. तिचे गाव एका लहानशा नदीच्या खोऱ्यात आहे. दोन्हीकडे डोंगर, मध्ये गिरणी आणि दगडी पूल. वसंतात बर्फ वितळले की नदी फुगते. प्रत्येक मोठ्या पुराची रेघ आणि साल पुलाच्या दगडात कोरलेले असते. तिची आजी बटाट्यांची पोती त्या रेघेच्या वरच ठेवायची. हे ऐकून मी म्हणाले होते, "आमच्या गावातही अशी एक रेघ आहे." ती बघायची म्हणून हाना निघाली. मला दुसरेच काही बघायचे होते.

जाणाऱ्यांसाठी सांगते. सातारा, रहिमतपूर, औंध असा रस्ता आहे. औंधपर्यंत बरा, पुढे कमरेचा हिशेब घेणारा. दोघींचे तिकीट पाचाच्या नोटेत भागले. कंडक्टर हानाकडे बघतच राहिला.

"आवं बाई, ह्या मडम कुठल्या?"

"युरोपातल्या."

"लय लांब हाय का?"

"पुसेसावळीच्या पुढे," मी म्हणाले. त्याने मान डोलावली आणि पुढच्या सीटकडे वळला.

औंधला उतरून यमाईचा डोंगर चढलो. मधली मोटार सोडली तरी चालेल, हा डोंगर सोडू नये. वरून सगळा मुलूख नकाशासारखा दिसतो. बोडके माळ, कोरडे ओढे, कुठेतरी उसाचा हिरवा तुकडा. हाना दर वळणावर थांबायची आणि मी म्हणायचे, "वर. अजून वर." तिच्या मराठीची सुरुवात या एका शब्दाने झाली. खाली येऊन भाकरी, पिठलं आणि मिरचीचा ठेचा खाल्ला. ठेचा तिने दोनदा मागून घेतला.

धोंडनिंबच्या फाट्यावर उतरलो, तिथून दोन मैल चाल. वाळूतून जाताना हानाने विचारले, नदी कुठे आहे?

"तू नदीतूनच चालली आहेस," मी म्हणाले.

येरळेची हीच गोम आहे. वर्षातले अकरा महिने ती वाळू असते. बायका झिरे उकरून वाटीवाटीने पाणी भरतात. ही बाई कधी अंगावर येईल असे कोणाला वाटत नाही. पण मी आठ वर्षांची असताना ती आली. गाव तेव्हा काठावर होते. रातोरात घरे गेली, माणसे वर पळाली आणि गाव उंचावर नव्याने वसले. खाली उरले भैरोबाचे देऊळ, त्याची दगडी दीपमाळ आणि मोकळे पटांगण. पाणी जिथवर चढले तिथे दीपमाळेच्या दगडावर रेघ कोरली गेली. वडील पलटणीतून रजेवर आले होते. त्यांनी मला खांद्यावर घेतले, मी हात उंच केला, तरी बोटे रेघेला लागली नाहीत.

नदीकाठची सपाट, सुपीक जागा गावात मोकळी पडलेली दिसली, तर ती मोकळी का पडली हे आधी विचारावे. भूगोलाच्या पहिल्या तासाला मी हेच शिकवायचे. आता त्याच पटांगणावर शाळेचे जोते उभे होते, कोनशिलेच्या आधीच बांधून झालेले. जागा सरपंच तात्यांच्या घराण्याने दान दिलेली. तात्या पेढे घेऊनच सामोरे आले. कोनशिलेचे पेढे पाच दिवस मला राखून ठेवले होते म्हणे. मी पेढा हानाला दिला.

"इथे पूर येतो, तात्या."

"आवं बाई, रेघ बघूनच बांधलंय! या, दावतो."

दीपमाळेवर रेघ होती. दगड तोच, हळदीकुंकवाने माखलेला. पण रेघ माझ्या कमरेला लागत होती. शाळेचे जोतेही बरोबर तेवढेच उंच. मी एकसष्ट वर्षांची आहे. माझी उंची वाढली म्हणावे, तर एवढी नक्कीच वाढलेली नाही. हानाने दगडाच्या कडेवरून बोट फिरवले आणि मला दाखवले. बोटावर चुना होता. बाकीच्या सांध्यांत चुना काळा पडलेला, इथे पांढरा.

मी तात्यांकडे बघितले. तात्या आभाळाकडे बघत होते.

मुक्काम यशोदावहिनींकडे, म्हणजे माझ्या चुलतभावाच्या घरी. सकाळी त्या भाकऱ्या थापत असताना मी सरळ विचारले, दगड कोणी हलवला? त्या हसायलाच लागल्या.

"आवं वन्सं, आमीच खाली आणला की!"

"आमी म्हणजे कोण?"

"आमी समद्या बायका. दर श्रावणात येरळाईची ओटी त्या रेघंपाशी भरायची. दगड ह्यो एवढा वर! बैलगाडी लावायची, गाडीवर चढायचं, मग हात पुरायचा. सोनाआक्का गाडीवरनं पडली, खुबा मोडला. पाच वर्षांखाली दीपमाळ दुरुस्तीला काढली तवा म्हटलं, बसवा की हाताला यील असा."

"आणि रेघ?"

"रेघ तीच हाय, दगड तोच हाय. येरळाईला काय कळतंय खाली-वर?"

"गवंडी कोणी आणला होता?"

"तात्यानंच. दुसरं कोण आणणार?"

दोन वर्षांपूर्वी पुतण्याच्या लग्नात मीही तिथे ओटी भरली होती. मीही गाडीवर चढले नव्हते. बरे झाले, हाताशी आहे, एवढेच मनात आले होते.

वहिनींनी दीपमाळेवर त्या दगडाची मूळची, वरची जागा दाखवली. काळ्या दगडांत विटांचा एक चौकोन, वरून चुना फासलेला. मी पिशवीतली औषधाची चपटी बाटली रिकामी करून अर्धी पाण्याने भरली. मी शिकले त्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरने मला दोन गोष्टी शिकवल्या, प्रार्थना आणि मोजमाप. उपयोगी दुसरीच पडली. पाण्याच्या पातळीवरून नजर धरली की समोरची तेवढीच उंची कळते. हाना पँट घालून आली होती. ती शिडी चढली आणि बाटली विटांपाशी धरली. जोत्यावर काठी घेऊन मी मुद्दाम तात्यांनाच उभे केले. काठीच्या टोकाला वहिनींच्या लुगड्याची लाल चिंधी बांधली. चाळीस पावलांचे अंतर, देऊळ आणि पटांगण एका पातळीत. गाव जमले होते.

"वर!" हाना ओरडली.

तात्यांनी काठी छातीपर्यंत उचलली, चिंधी कपाळाशी आली.

"वर! अजून वर!"

चिंधी फेट्यावर गेली. तात्यांनी हात ताणला.

"अजून वर!"

"आवं बाई, हात संपला की माझा!" तात्या म्हणाले.

कोणीतरी हसले, मग कोणीच हसले नाही. बायका चिंधीकडे बघत होत्या. वहिनींनी तोंडाला पदर लावला. त्यांची नात जूनमध्ये पहिलीत बसणार आहे. त्या जोत्यावर उभी केली, तर तिच्या डोक्यावर आणखी एक माणूस बुडेल एवढे पाणी.

तात्यांनी काठी खाली टाकली. "आता कुठं पाऊस पडतोय तसा? आन् कागद वर गेलेत. कागदावर रेघ कमरेलाच हाय."

"दगड खाली आला तेव्हा गवंडी तुमचाच होता, तात्या."

"व्हय. बायकांनीच सांगितलंवतं," ते म्हणाले. हे खरे होते, आणि म्हणूनच मला संताप आला.

परतताना विट्याला मोटार बदलून सांगली गाठली आणि हानाला तिच्या क्वार्टरवर सोडले. निरोप घेताना तिने विचारले, तुमच्याकडे रेघ बायकांनी खाली आणली, आमच्याकडे तिला कोणी हातच लावत नाही, मग जास्त भक्ती कोणाची? साताऱ्यात घरी आल्यावर बाटली पुसून खिडकीत ठेवली. ती अजून तिथेच आहे, अर्धी भरलेली.

तुम्ही धोंडनिंबला गेलात तर उन्हाळ्यातच जा आणि दीपमाळेवर विटांचा चौकोन बघा. सरपंच आणि शाळा समितीने मला तीन गोष्टी लेखी कळवाव्यात. वरची रेघ दगडावर पुन्हा कधी कोरणार, खालच्या दगडावर 'ही पुराची उंची नव्हे' असे कधी लिहिणार, आणि शाळा गावाजवळ वर कधी हलवणार. उत्तर शुक्रवार, ३० एप्रिल १९६५ रोजी सायंकाळी पाचपर्यंत माझ्या हाती पडावे. टपाल उशिरा पोचले ही सबब या वेळी चालणार नाही. पेढेही पाठवू नयेत.