पायाचा निरोप पोचेना

"डोळे मिटा. तुमच्या पायाचा अंगठा मी वर केलाय की खाली?" मुलुंडच्या न्यूरॉलॉजिस्टनी, म्हणजे मेंदू-मज्जासंस्थेच्या डॉक्टरांनी विचारलं.

"वर," मी ठामपणे म्हणाले.

शेजारी माझा नवरा दिलीप उभा होता. मी डोळे उघडले. अंगठा खाली होता.

"बी ट्वेल्व्हची कमतरता दिसतेय," डॉक्टर म्हणाले.

"जीवनसत्त्वच ना?" दिलीपला जरा हायसं वाटलं. "पण आमच्याकडे तर रोज मासे असतात."

"खाऊन उपयोग नाही. यांचं पोट ते शोषूनच घेत नसणार. नसांवरचं आवरण टिकवायला ते लागतं. आवरण झिजलं की पायाचा निरोप मेंदूपर्यंत पोचत नाही."

मुंग्या सात महिन्यांपूर्वीच सुरू झाल्या होत्या. मी शाळेत शिकवते. दिवसभर उभं राहून होत असेल, म्हणून सोडून दिलं. थकव्यासाठी मनानेच फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या घेतल्या. हिमोग्लोबिन वाढलं, मी खूश! त्या गोळ्यांनी रक्त सुधारतं, नसा सुधारत नाहीत, हे कुणाला माहीत होतं? वरून सगळं झकास दिसत होतं आणि आत वाट लागत होती.

मग एका संध्याकाळी लेक ओरडली, "आई, लादीवर रक्त!" स्वयंपाकघरापासून दारापर्यंत माझ्याच पावलांचे डाग होते. तळव्यात काच रुतली होती. मला पत्ताच नव्हता.

एमआरआयसाठी बसले होते, तेव्हा शेजारी चाकाच्या खुर्चीत एक काका होते. त्यांचाही हाच आजार.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"सात महिने."

"मी दोन वर्षं अंगावर काढलं," ते म्हणाले आणि खिडकीकडे बघत राहिले.

एमआरआयमध्ये मज्जारज्जूलाही इजा झालेली निघाली. "पूर्ण बरं होईल?" मी विचारलं.

"सांगता येत नाही. पुढचं नुकसान थांबवू," डॉक्टर म्हणाले.

इंजेक्शनं आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला, आता महिन्याला. ती जन्मभर. वर्ष झालं. मध्यंतरी लागलेली काठी सुटली, डाव्या तळव्याला मात्र अजून काही कळत नाही. मुंग्या येत असतील तर मनाने गोळ्या घेऊ नका, आधी रक्तातलं बी ट्वेल्व्ह तपासून घ्या. मासे खाणाऱ्यांनीसुद्धा.

बेसिनपाशी तोंड धुताना डोळे मिटले की मी अजून डोलते. दिलीप रोज सकाळी मागे येऊन उभा राहतो.

"धू गं, आहे मी."

मी डोळे मिटते आणि तोंडावर पाणी मारते.