अव्वांनी न प्यालेलं पाणी

त्या वर्षी मी देवाशी बोलणं टाकलं होतं. आदल्या पावसाळ्यात माझा लहानगा तापानं गेला, आणि त्या दिवसापासून गळ्यातलं लिंग मी हातात घेतलं नाही. आम्ही उमरग्याकडचे लिंगायत. आमच्यात इष्टलिंग कायम अंगावर असतं. जेवणाआधी ते डाव्या तळहातावर घ्यायचं, पाण्याची धार घालायची, भस्म लावायचं, बेल वाहायचा, आणि मगच घास तोंडात घालायचा. मी ते गळ्यातून काढलं नव्हतं एवढंच. देवघरात जाऊन नुसती बसायचे आणि उठून जेवायला यायचे. सासूबाईंना, म्हणजे आमच्या अव्वांना, फार कमी दिसायचं. त्यामुळं हे कुणाला कळलेलं नाही, असं मी धरून चालले होते.

अव्वांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. चैत्रात यांनी आम्हा दोघींना मोटारीनं धाराशिवला आणलं, आमच्या जंगम स्वामींच्या मठात उतरवलं आणि स्वतः आडतीच्या कामाला लातूरला गेले. सकाळी अंघोळ, पूजा उरकून आम्ही सरकारी दवाखान्यावर गेलो, तर दाराला हे एवढं कुलूप! निजामाच्या राज्यात शुक्रवारी सुट्टी असते, हे आम्हा खेड्यातल्या बायकांच्या ध्यानातच आलं नव्हतं. मी कपाळाला हात लावला. अव्वा मात्र हसल्या. म्हणाल्या, "बरं झालं की गं. डाक्टर काय, उद्या भेटंल. हायेत थोडे डोळे तवर शहर तरी बघून घेते. चल."

मग काय, निघालो. माझं कोपर धरून त्या चालत होत्या आणि लहान मुलीसारख्या विचारत होत्या. त्यांना रंग तेवढे दिसायचे, आकार नाही. "त्यो लाल डोंगर कशाचा गं?" "मिरच्यांचा ढीग आहे अव्वा." "आनि ह्ये हिरवं हालतंय?" "बांगड्यांचं दुकान आहे, कासारीण बाईच्या हातात बांगड्या भरतीय." सुरुवातीला मी तोंडदेखलं सांगत होते. पण कापडाची पेठ आली, तांब्याची भांडी ठोकणारे आले, कचेरीच्या भिंतीवरच्या उर्दू पाट्या आल्या, टांग्याच्या घोड्यानं एका शेटजींच्या डोक्यावरची टोपीच तोंडात धरली, आणि ते अव्वांना सांगता सांगता मला हसू फुटलं. कितीतरी महिन्यांनी हसले होते. लगेच मनात आलं, लेकरू गेलं आणि मी हसतीय कशी! अव्वांनी कोपर जरा घट्ट धरलं.

दुपारी भोगावतीच्या काठी एका झाडाखाली आम्ही भाकरीचं फडकं सोडलं. अव्वांनी गळ्यातलं वस्त्र सोडून लिंग तळहातावर घेतलं आणि त्यांचा हात तसाच थांबला. अंगठ्यानं त्यांनी ते पुन्हा पुन्हा चाचपलं. मग हळूच म्हणाल्या, "पोरी, ह्ये माझं न्हाय."

मला लगेच उमगलं. सकाळी मठाच्या ओसरीवर त्यांच्या शेजारी लोहारा गावाकडची, पांढऱ्या लुगड्यातली एक म्हातारी पूजेला बसली होती. तीही डोळे दाखवायलाच आलेली, सोबत भाऊ. पूजा झाल्यावर दोघींनी आपापलं लिंग पांढऱ्या फडक्यात गुंडाळून समोरच्या एकाच ताटात ठेवलं, कपाळाला भस्म लावलं आणि दिसेल तसं उचलून गळ्यात बांधलं. दोन अधू डोळ्यांच्या बायकांनी एकमेकींचा देव नेला होता!

धावत मठात गेलो. ती बाई गाठोडं घेऊन कधीच निघून गेली होती. गावात कुणी पाहुणे आहेत त्यांच्याकडं गेली म्हणे, पण कोणत्या आळीत ते कुणाला ठाऊक नव्हतं. मी म्हणाले, "अव्वा, उद्या ती दवाखान्यात भेटेलच. आज पाणी तरी घ्या." त्यांनी मान हलवली. "स्वामींनी पाळण्यात बांधलंय ते, मेल्यावर माझ्यासंगं मातीत जायचंय. परक्याचा देव हातात घिऊन मी पानी कसं पिऊ? आनि ती बाई तिकडं तशीच तहानली असंल, तिचं काय?"

मग जे शहर सकाळी हौसेनं बघितलं, तेच पुन्हा पालथं घातलं. पण आता मी रंग सांगत नव्हते, नुसती तोंडं न्याहाळत होते. पांढरं लुगडं दिसलं की पळायचं आणि जवळ जाऊन परत फिरायचं. देवीच्या देवळात बघितलं, बाजारात बघितलं, आळीआळीतून विचारलं. ऊन नुसतं भाजून काढत होतं. मठात बसा म्हटलं तर अव्वा ऐकेनात. तिसऱ्या प्रहरापर्यंत त्यांच्या ओठांना भेगा पडल्या. दर्ग्याच्या पायऱ्यांशी सावली होती, तिथं त्या बसल्या त्या बसल्याच. डोळे मिटले. मी घाबरून गेले. पदरानं वारा घालत विनवलं, रागावले, रडले. "एवढ्याशा दगडापायी जीव देताय का?" असंही बोलून गेले. त्या नुसतं "नको" म्हणाल्या.

तेव्हा मला सगळ्यांचाच संताप आला. डॉक्टरचा, त्या बाईचा, आणि सगळ्यात जास्त त्याचा. मनात म्हणाले, 'लेकरू नेलंस, आता हिलाही नेतोस? ने. मी थकले. मला काही येत नाही, काही सुचत नाही. आता तूच बघ.' असं म्हणून मी डोकं गुडघ्यात घातलं. इतक्या महिन्यांत त्याच्याशी एवढंच बोलले होते, तेही भांडण.

पायरीवर गुलाब आणि सब्जा विकणारी एक मुसलमान बाई बसली होती. ती मातीच्या सुरईतलं पाणी घेऊन आली. "अम्मा, पी लेव." अव्वांनी हात जोडून नको म्हटलं. बाई वैतागली. "या अल्ला, आज तुम लोगां का रोजा है क्या? अब्बीच एक बुड्ढी बैठी थी, उनो बी पानी कू हात नै लगाई!"

मी ताडकन उठले. "कुठं गेली ती?" "मठ का रस्ता पूछ को गई. भाई था साथ में. उस तरफ." बाईनं हात केला, तो हात मला आजही दिसतो.

अव्वांना जवळजवळ उचलूनच मी त्या वाटेला लागले. वळणावर मारुतीचा पार होता आणि पाराला टेकून ती म्हातारी बसली होती, ओठ तसेच फुटलेले. मी ओरडले, "अव्वाऽ, सापडल्या!" दोघींना एकमेकींचं तोंड धड दिसत नव्हतं. दोघींनी तळहात पुढं केले. अव्वांचा अंगठा त्या काळ्या लिंगावरून एकदाच फिरला आणि त्या म्हणाल्या, "आला गं माझा राजा." ती म्हातारी तर हुंदके देऊनच रडली. मग दोघी हसायला लागल्या, आणि तिचा भाऊ म्हणाला, "सकाळपासनं गावाला परदक्षिणा घालतोय, पुण्य लई लागलं बघा!"

मी पारामागच्या आडाचं पाणी शेंदून आणलं. अव्वांनी लिंगावर धार धरली. ती संपल्यावर तांब्या माझ्यापुढं केला.

"आता दुसरी तुझी तू घाल."

मला कळेना. त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "बाळ गेल्यापासनं तू घालत न्हाईस, मला दिसत न्हाय म्हनून काय कळत न्हाय व्हय? देवघरात पानी वाजायचं बंद झालं. मी रोज दोन घालते. एक माझी, एक तुझ्या वाटची. आज हात थरथरतोय माझा. तुझी तू घाल."

इतके महिने एक शब्द नाही. टोमणा नाही, उपदेश नाही. माझ्या भांडणाच्या काळात ही बाई माझ्या वाटचं पाणी घालत होती! मी गळ्यातलं लिंग काढलं. धार पाण्याची किती आणि डोळ्यांतली किती, मला सांगता येणार नाही. मग आम्ही तिघी पोटभर पाणी प्यालो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर भेटले. पुढं अव्वांचा एक डोळा वाचला, दुसरा गेला. लेकरू काही परत आलं नाही. लोक विचारतात, मग देवानं दिलं काय? मी वाद घालत नाही. पाणी न पिण्याच्या ज्या हट्टापायी मी देवाला बोल लावत होते, त्याच हट्टानं वाट दाखवली, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं. माझ्या हातून काहीच होईना, तेव्हा ज्यानं ते हातात घेतलं, त्याच्या पायांवर डोकं ठेवून मी तेव्हापासून निवांत आहे.

अव्वा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मी अजून रोज दोन धारा घालते. दुसरी कुणाच्या वाटची, हे घरात कुणाला सांगत नाही. घरात कुणाचं ना कुणाचं देवाशी भांडण चाललेलंच असतं.