दिनेशचा पांढरा रुमाल

सुजाताचा फोन आला तेव्हा मी घाटकोपरच्या एका चावीवाल्याच्या कपाळावरच्या आठ्या कॉम्प्युटरवर गडद करत बसले होते. सकाळचे अकरा वाजले असतील. "ताई, हे गेले," एवढंच ती म्हणाली. मग तिनेच विचारलं, "तुम्ही काढलेला ह्यांचा तो फोटो मोठा करून द्याल? भिंतीला लावायला." मी हो म्हटलं. अकरा वर्षं दिनेशने माझ्या फोटोंना उजेड दिला, आणि त्याचा स्वतःचा धड काढलेला फोटो माझ्याकडे तो एकच होता. तो देताना मी फोटो पालथा धरला होता. सगळ्यांना वाटलं, मैत्रीण आहे, दुःख झालंय. दुःख तर होतंच. पण फोटो पालथा धरला होता तो वेगळ्याच कारणाने.

मी रस्त्यावरच्या माणसांच्या चेहऱ्यांचे फोटो काढते. हमाल, गॅरेजवाले, मासळीबाजारातल्या बायका. दिनेश आमच्या कांजूरमार्गच्या सोसायटीचा इलेक्ट्रिशियन, मूळचा मालवणकडचा. एकदा तो जिन्यातला दिवा बदलत होता आणि मी खाली सफाईवाल्या मावशींचा फोटो घेत होते. शिडीवरूनच म्हणाला, "मावशींचे डोळे दिसतच नाय गो. काळोख पडलाय." मी तडकले. "तू तुझा दिवा बघ ना!" तो उतरला, कोणाच्यातरी नव्या फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल उचलून आणला आणि मावशींच्या गुडघ्यापाशी तिरका धरला. मावशींच्या डोळ्यांत उजेड आला. मी फोटो घेतला. पुढच्या रविवारी मी निघाले तेव्हा दिनेश थर्माकोल काखेत मारून गेटवर हजर.

फोटोतला प्रकाश त्याला कोणी शिकवला नव्हता. बाजूने एकच दिवा टाकला की सुरकुती न् सुरकुती उठून दिसते, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण दिवा किती जवळ आणला की समोरचा माणूस अवघडतो, ते त्याला कळायचं. आधी गप्पा, मग दिवा. आणि त्याचा तो रुमाल! बल्बचा उजेड पिवळा, ट्यूबचा हिरवट, सावलीतला निळसर, त्यामुळे पहिल्या फोटोत चेहऱ्याजवळ काहीतरी पांढरं धरायचं असतं. घरी कॉम्प्युटरवर त्या पांढऱ्यावरून बाकीचे रंग जागेवर आणता येतात. त्यासाठी घेतलेलं कार्ड मी पंधरा दिवसांत हरवलं, तेव्हा ह्याने खिशातून रुमाल काढला. तेव्हापासून तो रुमाल फक्त त्याच कामाचा. नाक पुसायचं नाही, घाम टिपायचा नाही. मला तो शमी म्हणायचा. सुजाताला ताकीद होती, "ह्याला नीळ घालू नको हां, शमीचे फोटो बिघडतील." ती आजही हे सांगताना हसते... हसायची.

भांडणं व्हायची ती एडिटिंगवरून. मला चेहरे रखरखीत हवे असायचे. कातडी आणखी काळवंडलेली, डोळ्यांखालची वर्तुळं आणखी खोल. एका कोळणीने तिचा फोटो बघून विचारलं होतं, "मी एवढी मेल्यासारखी दिसते काय गं?" मी हसण्यावारी नेलं. दिनेशला मात्र ते लागलं. "शमे, आसा तसाच ऱ्हवांदे ना. तू कशाला वाढवतेस?" मी म्हटलं, "उजेड तुझा, फोटो माझा. कळलं?" किती माज होता मला! आता आठवलं की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

मुलुंडला माझ्या फोटोंचं प्रदर्शन ठरलं तेव्हा एक चेहरा कमी पडत होता. आम्ही घाटकोपरच्या एका गॅरेजात होतो. मी म्हटलं, "दिनेश, आज तू बस." "माका कशाक गो?" म्हणत लाजला, पण बसला. गेले काही दिवस तो वाळला होता. जेवण जात नाही, अंगाला खाज सुटते, पित्त झालंय, म्हणत होता. आणि मी काय म्हणाले? "झकास! गाल काय बसलेत रे तुझे! असाच बस, हलू नको." हे माझे शब्द आहेत. पहिल्या फोटोला त्याने स्वतःच रुमाल काढून गालाजवळ धरला. "घे, रंग बरोबर घे."

दुसऱ्या दिवशी दुपारी एडिटिंगला बसले. गाल आणखी खोल केले, मान काळी केली. डोळ्यांची बुबुळं सोडून बाकीचं पांढरं होतं ते पिवळट दिसत होतं. गॅरेजातल्या त्या मेल्या बल्बला शिवी घातली आणि दोन्ही डोळ्यांतला पिवळा रंग काढून टाकला. दोन मिनिटांचं काम. डोळे असे पांढरेशुभ्र झाले की काळ्या चेहऱ्यातून थेट आपल्याकडे बघतायत. प्रदर्शनात लोक त्याच फोटोसमोर थांबत होते. दिनेशच्या मोबाइलवर पाठवला, तर तो भलताच खूश.

महिना-दीड महिन्याने त्याला दाखल केलं. कावीळ, आणि तिच्यामागे पित्ताच्या नळीत गाठ. डॉक्टरांनी सुजाताला विचारलं, "डोळे कधीपासून पिवळे आहेत?" तिने दिनेशचा मोबाइल काढून तो फोटो त्यांच्यापुढे धरला. "बघा ना डॉक्टर, तेव्हा तर पांढरे होते. मला मधे घरी पिवळे वाटले, दोनदा म्हटलं ह्यांना, दाखवून या. तर मला हा फोटो दाखवायचे. म्हणायचे, अगं, रुमाल धरून काढलाय, ह्यात रंग चुकायचा नाही. तुझेच डोळे तपासून घे." मी तिच्या शेजारी उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. तोंडच उघडलं नाही. डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहून घेतलं.

महिनाभर आधी कळलं असतं तर तो वाचला असता का? मी कोणाला विचारलेलं नाही. विचारायची हिंमत नाही, खरं सांगायचं तर.

सुजाताला तो फोटो दिल्यावर पाच आठवडे मी गॅरेजातले फोटो उघडले नाहीत. मग एका सकाळी त्यातला पहिला फोटो उघडला, ज्याला मी हातही लावला नव्हता. रुमालावरून रंग जागेवर आणले. रुमाल पांढरा झाला. गॅरेजची भिंत राखाडी झाली, शर्ट आकाशी झाला. डोळे पिवळेच राहिले. बिचाऱ्या बल्बचा काही दोष नव्हता. हे मला त्या दुपारीसुद्धा दोन मिनिटांत कळलं असतं, त्याने रुमाल त्यासाठीच तर धरला होता.

त्याचीच प्रत घेऊन मी सुजाताकडे गेले. भिंतीवर माझा तो पांढऱ्या डोळ्यांचा दिनेश, हार घातलेला. मी सगळं सांगितलं, डॉक्टरांसमोर गप्प राहिले तेही सांगितलं. वाटलं होतं, ओरडेल, निदान घालवून तरी देईल. तिने प्रत खिडकीपाशी नेली. आधी रुमालावर बोट ठेवलं, मग त्याच्या डोळ्यावर.

"म्हणजे मला बरोबर दिसत होतं," ती म्हणाली.

मग तिने भिंतीवरच्या फोटोचा हार काढला, फ्रेम उतरवली आणि माझ्या हातात दिली. नव्या प्रतीला फ्रेम नव्हती, तर तिने ती तशीच खिळ्याखाली, भिंतीला टेकवून कपाटावर उभी केली.

रुमाल अजून माझ्या दिव्यांच्या बॅगेत आहे, बाजूच्या कप्प्यात, चार घड्या घातलेला. आता तो सुजाताचा आहे, तिला परत द्यायला हवा. तिने मागितला नाही, आणि मला अजून धीर झालेला नाही.