उसना समुद्र

लातुरात आजवर समुद्र आणणारा माणूस एकच झाला, आणि तो माझा सख्खा मामा. नळाला पाणी यायच्या दिवशी ज्या गावात लोक साखरपुडेसुद्धा पुढे ढकलतात, त्या गावात या माणसानं पुढच्या खोलीत, टीव्ही ठेवायच्या जागी, काचेच्या पेटीत खारं पाणी भरलं, त्यात मासे सोडले आणि गल्लीला बोलावून सांगितलं, "या, बघून जा. आता कोकणात जायची गरज न्हाई." गल्ली आली, तिनं बघितलं आणि मामाला वेड लागल्याचं एकमतानं ठरवून चहा पिऊन परत गेली.

मामा हायस्कूलला भूगोल शिकवायचा. मी अकरावीला कंधारहून त्याच्याकडे राहायला आले तेव्हा लातुरात शिकवण्यांचं पीक सोयाबीनपेक्षा जोमात होतं. फिजिक्सच्या सरांचा बंगला, केमिस्ट्रीच्या सरांची चारचाकी, बायोलॉजीच्या सरांना भर रस्त्यात वाकून नमस्कार. भूगोलाच्या सरांची आठवण मात्र गावाला फक्त मतदार याद्या करायच्या वेळी यायची. मामाला त्याचं काही वाटायचं नाही. त्याला डावं-उजवं माहीतच नव्हतं, सगळा कारभार दिशांवर चालायचा. जेवताना म्हणायचा, "जरा ईशान्येला सरक गं, ताट ठेवू दे." रिक्षात बसला की, "वायव्येला घे." रिक्षावाला हैराण. "गुरुजी, बार्शी रोडला जायचं का न्हाई, तेवढं बोला." त्यावर मामा त्याला बार्शी रोड कोणत्या दिशेला जातो ते समजावत बसायचा आणि माझा क्लास बुडायचा.

दिशांपेक्षाही मोठं वेड म्हणजे समुद्रसपाटी. कंधारचा किल्ला असो, देवघराचा कोनाडा असो की गच्चीवरची टाकी असो, मामा प्रत्येक गोष्टीची उंची समुद्रसपाटीपासून सांगायचा. नवऱ्या मुलाची उंची विचारली तरी त्यात लातूरची उंची मिळवूनच उत्तर यायचं. आणि गंमत अशी, की जिच्यापासून आयुष्यभर सगळं मोजलं ती सपाटी त्यानं कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती. शाळेची सहल दरवर्षी वेरूळलाच जायची. फळ्यावर निळ्या खडूनं समुद्र काढताना मात्र त्याचा हात असा हळू चालायचा, की मागच्या बाकावरची वांड पोरंही गप्प बसायची.

बघायचं ठरलं नव्हतं असं नाही. एका दिवाळीच्या सुट्टीत मामा आणि मामी रत्नागिरीला जाणार होते, एसटीचं रिझर्वेशनही झालं होतं. त्या दिवाळीच्या आधीच भूकंप झाला. मामाच्या घराच्या गिलाव्याला फक्त एक चीर गेली, पण औशाकडचं मामीचं माहेर दगडामातीत गेलं आणि तिची धाकटी बहीण त्याच्याखाली गेली. त्या पहाटे मामी जी घराबाहेर आली ती पुन्हा आत गेलीच नाही. अंगणात पत्र्याचं शेड उभं राहिलं. तिथेच तिची चूल, तिथेच खाट, तिथेच तिचे देव. वर्षं गेली, बाकीची गल्ली हळूहळू घरात परतली, पण मामीनं उंबरा ओलांडला नाही. गावाबाहेर पडायचं तर नावच काढायचं नाही. "आपुन तिकडं आन् हिकडं हाललं तर?" एवढंच म्हणायची. मी आले तेव्हा माझी खाटही शेडमध्ये, तिच्या खाटेशेजारी पडली. घरात मामा एकटा झोपायचा आणि खिडकीतून आमच्याशी बोलायचा.

समुद्र आणायचं वेड यातून निघालं. "ती समुद्राकडं येत न्हाई, तर समुद्रानंच यावं," असं तो मला म्हणाला. आणि आवाज खाली आणून पुढं म्हणाला, "बघायला तरी आत येईल का न्हाई?" तेव्हा मला कळलं, की या पेटीत मासे राहणार असले तरी ती आहे मामीसाठी.

पेटी लातुरातच बनली. मिठाईच्या दुकानांची काचेची कपाटं करणाऱ्या कारागिराकडून. त्यानं आयुष्यभर पेढे आत ठेवले होते, पाणी कधीच नाही, त्यामुळे पहिल्यांदा भरली तेव्हा अर्धी पेटी दाराखालून वाहत अंगणात आली. "भरती आली," म्हणत मामा पंचा घेऊन धावला. वाळू, समुद्राचं मीठ, पाण्यात बुडबुडे सोडणारा पंप हे सगळं हैदराबादहून एसटीनं आलं. सोबत खारेपणा मोजायची काचेची नळीही आली होती, ती उदगीरच्या अलीकडे कुणाच्या तरी ट्रंकेखाली फुटली. "जीभ हाय की," मामा म्हणाला. तेवढ्यावर नळीचा विषय संपला. हैदराबादच्या दुकानदारानं बजावलं होतं, "पानी को पकने देव साब, जल्दी नक्को करो." म्हणजे महिनाभर नुसतं पाणी फिरवत ठेवायचं, मासा सोडायचा नाही. ते मामीला कळल्यावर ती शेडमधून म्हणाली, "पाणी पिकतंय म्हणं! पाणी हाय का पाडाचा आंबा?" पाठोपाठ समुद्रातले दगड आले. त्यांच्यावर बारीक जीव राहतात म्हणून त्यांना जिवंत दगड म्हणायचं, असं मामानं मोठ्या हौसेनं सांगितलं. मामीनं हातातली भाकरी तव्यावर तशीच सोडली. "दगडानं माझी बहीण नेली. आन् तुम्ही जिता दगड घरात आणून राहिलाव?" त्या दिवशी मामा जेवला नाही. दगड मात्र त्यानं ठेवले.

मग मासे आले, तीन. केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला तो अरबी, आणि दोघे निळे, बंगाली आणि हिंदी. तिन्ही समुद्र घरात आल्याचा मामाला इतका आनंद झाला, की त्यानं शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढली. वीज गेली की पंप बंद पडायचा. मग मामा स्टुलावर चढून तांब्यानं पाणी वर घ्यायचा आणि उंचावरून पेटीत ओतायचा, माशांना हवा मिळावी म्हणून. लातुरात वीज जाण्याचं प्रमाण पाहता माझ्या आठवणीतला मामा बहुतेक स्टुलावरच आहे.

मामी मात्र आली नाही. पण माशांना भूकंप आधी कळतो, असं कुणीतरी तिच्या कानावर घातलं आणि तिला पेटीत रस घ्यावा लागला. ती उंबऱ्याबाहेर उभी राहून विचारायची, "मासे काय करून राहिलेत?"

"फिरून राहिलेत," मामा आतून सांगायचा.

"बरं." आणि ती परत जायची. या दोन वाक्यांवर आमच्या घराची भूकंपाची वेधशाळा चालायची. गल्लीतल्या बायकाही भाजी घेता घेता विचारून जायच्या. मामाला वाईट वाटायचं. "उंबऱ्यापर्यंत आली," तो म्हणायचा, "पुढं एकच पाऊल हाय बघ." ते पाऊल काही पडत नव्हतं.

पाण्याची पातळी कळावी म्हणून मामानं काचेवर लाल रंगाची रेघ मारली होती. उन्हाळ्यात पाणी उडून जाईल, तेवढंच गोडं पाणी वरून घाला, असं दुकानदारानं सांगितलेलं. पण लातूरच्या वैशाखात, जिथे धुतलेलं धोतर पिळेपर्यंत कोरडं होतं, तिथे मामाच्या पेटीतलं पाणी रेघेखाली उतरेना. मामाची छाती फुगली. "समुद्र मर्यादा सोडत न्हाई," तो शाळेत सांगत सुटला, "मी घरी बघून राहिलो!" रोज सकाळी बोट बुडवून जिभेला लावायचा आणि म्हणायचा, "खारट. झकास." यात एक गोष्ट सांगायची राहिली. डॉक्टरांनी ब्लडप्रेशरसाठी मामाचं मीठ तोडलं होतं आणि मामी त्याला अळणी वरण घालत होती. अशा माणसाच्या जिभेला चुन्याची निवळीही खारट लागली असती.

मग एका दुपारी अरबी तळाशी आडवा झाला. बंगाली आणि हिंदी दगडाच्या कपारीत तोंड खुपसून थरथरत होते. मामा शाळेत होता. मी क्लासहून आले तेव्हा मामीनं गल्लीत वर्दी देऊन टाकली होती. "मासे बसले! मासे बसले!" तासाभरात गल्लीतल्या खाटा, देव, गॅसच्या शेगड्या, लेकरं आणि एका घरातली आजारी सासू खुर्चीसकट रस्त्यावर आली. वरच्या खोल्यांत राहणारी क्लासची मुलं पुस्तकं घेऊन झाडाखाली बसली. जमीन काही हलली नाही. हलला तो मामा. शाळेतून धावत आला, पेटीत बोट घालून जिभेला लावलं आणि म्हणाला, "खारट तर हाय!"

मीही बोट बुडवलं. "मामा, हे तर कढणापेक्षा अळणी आहे."

मामाचा विश्वास बसेना. त्यानं समोरच्या वकिलीणबाईंना चाखायला बोलावलं. त्या आल्या, पण पाण्याला हात न लावताच म्हणाल्या, "आमचं काही चुकलं न्हाई हां गुरुजी. जेवढं घेतलं तेवढं परत टाकलंय."

"काय परत टाकलं?"

"पाणी! सोमवती अमावास्येला समुद्रस्नानाचं पुण्य म्हणून बादलीत घालायला वाटीभर नेलं. तेवढंच गोडं आणून टाकलं. गाळून, उकळून, थंड करून टाकलं बरं का! आम्ही कुणाचं पाणी ठेवून घेत न्हाई."

मग गिरणीवाल्या आजी म्हणाल्या, की त्या रोज गुडघे शेकायला तांब्याभर नेतात, आणि नेलेला तांब्या रिकामा परत करायची रीत त्यांच्यात नाही. मग आणखी कुणी बाळाची नजर काढायला, कुणी टाचेच्या भेगांसाठी. अख्ख्या गल्लीनं मामाचा समुद्र उसना नेला होता आणि इमानेइतबारे गोडा करून परत केला होता. घरात घोटभर पाणी असताना त्यातलं चांगलं, निवडलेलं, देवाला ठेवावं तसं पाणी त्यांनी आणून ओतलं होतं. रागवायचं तरी कुणावर?

मामाला एकच कळेना. "पण दिवसा घरात कुणी नसतंय. कडी असते. काढून कोण देत होतं?"

बायका शेडकडे बघायला लागल्या. मामी पदराचा कोपरा बोटाला गुंडाळत उभी होती.

"मीच," ती म्हणाली.

"तू? तू आत गेलतीस?"

"मग पाणी काय उडत आलं बाहेर?"

"स्लॅबखाली?"

"हाव." आणि ती एकदम चिडली, कारण रडायचं नव्हतं. "पाणी मागाया आलेल्या बाईला न्हाई कसं म्हणायचं? आजी दारात उभ्या, पाय सुजलेले. लई भ्याले. डोळे मिटून गेले, वाटी बुडवली आन् पळत आले. मग रोजच कुणी ना कुणी याया लागलं. परत आलेलं पाणीबी मीच ओतायचे, रेघेला कमी पडलं तर माझ्या माठातलं."

मामा स्टुलावर बसला. समोर त्याचा अरबी आडवा पडलेला, गल्ली रस्त्यावर आलेली, आणि हा माणूस बायकोकडे बघून लहान मुलासारखा हसत होता. हसता हसता त्यानं चष्मा काढला आणि पुसत बसला. "रोज?" एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होता. "रोज आत जात होतीस?" मला त्या क्षणी दोघांचाही हेवा वाटला, हे सांगून टाकते.

बंगाली आणि हिंदी गेले. अरबी वाचला. मामानं दिवसादिवसानं थोडं थोडं मीठ वाढवत पाणी पुन्हा खारं केलं, आणि गल्लीसाठी दाराशी खाऱ्या पाण्याची वेगळी घागर भरून ठेवली, परतफेड माफ. मामीनं त्या संध्याकाळचा चहा घरात केला. उकळेपर्यंत दोनदा बाहेर येऊन गेली, पण केला. पुढे तिची खाट आत आली, खिडकीपाशी. अरबीला ती तासन्‌तास बघत बसायची. "हेच का हो तिकडं मोकळं फिरतंय?" असं विचारायची. समुद्रावर जायचा विषय मामानं काढला की मात्र तिचा चेहरा उतरायचा, म्हणून त्यानं तो काढणं सोडलं. बऱ्याच वर्षांनी एका दिवाळीला ती आपण होऊन म्हणाली, "औंदा जाऊ." त्याच हिवाळ्यात आजारी पडली आणि उठली नाही.

मेडिकलचा माझा नंबर हुकला तो हुकलाच. मी बँकेत लागले, आणि पहिली बदली झाली ती नेमकी रत्नागिरीला. मी मामाला म्हटलं, चल माझ्याबरोबर. तो म्हणाला, "न्हाई गं. दोन सीटचं रिझर्वेशन होतं ते. एकट्यानं कसं बघू?" मी फार आग्रह केला नाही. निघताना त्यानं माझी पाण्याची बाटली भरून दिली, मामीच्या माठातून.

पुढच्या सुट्टीत मी त्याच बाटलीतून त्याच्यासाठी समुद्र घेऊन आले. पेटी आता रिकामी होती, पण काच पुसलेली, लाल रेघ ताजी रंगवलेली. मामानं वाटीत थोडं पाणी ओतून घेतलं, बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि डोळे मिटून चव घेतली.

"बरोबर हाय," तो म्हणाला. "आपलंबी एवढंच खारट होतं. सुरुवातीला."

मग त्यानं डोळे उघडले. "हे घेतलंस, तर तिथं परत काय टाकलंस?"

"बाटलीतलं पाणी होतं ना, ते. प्रवासात प्यायलेच नव्हते. सगळं ओतलं."

"माठातलं?"

"मामीच्या माठातलं."

मामानं वाटी खाली ठेवली. "मग पोचली म्हणायची ती," तो म्हणाला, आणि खुर्ची जरा पश्चिमेला सरकवून बसला.