आरशातलं घर

आमच्या कनेटिकटमधलं तीनशे वर्षांचं लाकडी घर पाडायचं ठरलं, तेव्हा तिथेच जन्मलेल्या लोइस मावशीसाठी तिच्या शिळाछापकार नवऱ्याने, एज्राने, त्या घराचं शिळाछापाचं चित्र केलं. पण दगडावर उलटं काढलं तरच कागदावर सुलट उमटतं, हे तो घाईत विसरला. डावीकडची विहीर उजवीकडे गेली.

"जन्मभर दगड घासलास, त्यात अक्कलही घासली गेली वाटतं!" मावशी कडाडली.

तो पुन्हा छापायला निघाला, तर तिने जाऊ दिलं नाही. चित्र आरशासमोरच्या भिंतीवर टांगलं.

आता एज्रा नाही. मावशी रोज सकाळी आरशापुढे केस विंचरते. आरशात विहीर जागेवर असते आणि विहिरीशेजारी मावशी.

"वेंधळा सुलट छापता," ती मला म्हणते, "तर मी रोज घरी कशी गेले असते गं?"