कुठंही बसा

आग्नेथा गुंडिश सत्तरी ओलांडली तरी चर्चमध्ये मुलींच्या बाकावर बसायची, आणि यात हसण्यासारखं काही आहे असं आमच्या मेडियाश गावात फक्त पर्यटकांना वाटायचं. शेकडो वर्षांपूर्वी जर्मन मुलखातून इथं येऊन वसलेल्या आम्हा सॅक्सन लोकांचं चर्चमधलं बसणं म्हणजे काही नाटकाचा प्रयोग नव्हे, की मिळेल ती खुर्ची धरली. लग्न झालेल्या बायका डाव्या हाताला, वयाच्या क्रमानं. पुरुष उजव्या हाताला. आणि वेदीच्या अगदी पुढ्यात, सगळ्यांच्या नजरेसमोर, लग्नाच्या मुली. मुलगी उजवली की तिचा बाक बदलायचा. आग्नेथाचं लग्न झालं नाही, म्हणून बाकही बदलला नाही. त्यामागे कुणी दगाबाज तरुण वगैरे नव्हता, उगाच शोधू नका. आधी आई अंथरुणाला खिळली, मग बाप. दोघांचं सगळं करून तिनं मान वर केली, तेव्हा तिच्या वयाचे सगळे पुरुष कुणाचे ना कुणाचे नवरे होऊन बसले होते.

एके काळी त्या बाकावर पोरींची दाटी असायची. मग कम्युनिस्ट राजवट कोसळून सरहद्द उघडली आणि आमची माणसं जर्मनीला जी गेली, ती गेलीच. घरंच्या घरं कुलपं लावून गेली. बाकावर राहिली एकटी आग्नेथा. आठवडाभर ती दाराशी टेबल टाकून तिकिटं फाडायची, पाहुण्यांना भिंतीवरचे तुर्की गालिचे दाखवायची, आणि रविवारी काळा पोशाख घालून पुढं जाऊन बसायची. आवाज मात्र असा खणखणीत, की आमच्या उरल्यासुरल्या म्हाताऱ्यांचं गाणं तीच ओढून न्यायची.

या बसण्याच्या क्रमावर पहारा होता ओरेंडीबाईंचा. वय त्र्याऐंशी, बायकांच्या बाजूला पहिल्या ओळीतली पहिली जागा, आणि नजर अशी की पाळकसुद्धा गळपट्टी नीट करून वेदीशी जात. एकदा एक नवी नवरी चुकून एक जागा वर बसली, तर बाईंनी तिला भर उपासनेत कोपराला धरून खाली सरकवलं होतं. आग्नेथालाही त्या सोडत नसत. ‘पोरी, पाय हलवू नकोस, लोकांचं लक्ष जातं,’ असं मागून ऐकू यायचं. बाईंच्या लेखी ती पोरगीच होती.

या वसंतात सुतार आला. त्यानं मुलींच्या बाकावर अंगठा दाबला आणि अंगठा आत गेला. आतून सगळा भुसा. त्याच आठवड्यात बाक उचलून नेला.

आमचे नवे पाळक टिलमान हे जर्मनीतल्या हॅनोवरकडचे. माणूस सोन्यासारखा, पण आमच्या चालीरीतींच्या बाबतीत अगदीच कोरा. त्यांनी आग्नेथाला हसून सांगितलं, “गुंडिशबाई, आता तुम्ही कुठंही बसा.”

“कुठंही म्हणजे कुठं?”

“जिथं आवडेल तिथं! एवढं मोठं चर्च रिकामं आहे.”

कुठंही बसा, हे आग्नेथा स्वतः दिवसभर पाहुण्यांना सांगायची. ज्याला जागा नसते त्याला कुठंही. जागा असलेल्या माणसाला असं कुणी म्हणत नाही.

रविवारी ती आली. बाक होता तिथं फरशीचा उजळ पट्टा उमटला होता, त्याच्याशी क्षणभर उभी राहिली आणि वळून पार मागं, दाराजवळच्या घडीच्या खुर्च्यांवर, पाहुण्यांत जाऊन बसली. शेजारी एक डच जोडपं कॅमेरा मांडीवर ठेवून बसलं होतं. तिनं त्यांना गीताचं पान काढून दिलं, पण स्वतः पुटपुटलीच फक्त. त्या दिवशी पुढच्या म्हाताऱ्यांचं गाणं लंगडत लंगडत संपलं.

उपासनेनंतर दोघीतिघींनी म्हटलं, अगं, आमच्यात ये की. तर म्हणे, तिथं संसार केलेल्या बायका बसतात, मी खोटं कसं बसू? पाळकांनी समजावलं, की असले नियम आता कुणी पाळत नाही. “मी पाळते,” ती म्हणाली आणि घरी गेली. सूप गरम केलं, ताटलीत वाढलं, आणि ताटलीवरच रडली. जन्मभर ज्या चर्चची फरशी पुसली, तिथं आपण आता पाहुणी, हे तिला सोसवेना. दुसऱ्या दिवशी तिनं पाळकांना सांगून टाकलं, की आठवडाभर टेबल सांभाळीन, पण येत्या रविवारनंतर उपासनेला येणार नाही. मेडियाश ते, दुपारपर्यंत गावभर झालं.

त्या रविवारी ती पुन्हा मागंच बसली. प्रवचनाआधीचं गीत सुरू झालं आणि पहिल्या ओळीतून ओरेंडीबाई उठल्या. गीत चालू असताना ओरेंडीबाई उठल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. काठी टेकत टेकत त्या अख्खं चर्च चालून मागं आल्या. ऑर्गन बिचारा अडखळला आणि थांबला. आता आपल्याला बोलणी बसणार, असं समजून आग्नेथा ताडकन उभी राहिली.

“चल, माझ्याशेजारी बस.” बाई हळूच बोलल्या, पण बहिऱ्या माणसाचं हळू ते. सगळ्यांना ऐकू गेलं.

“ओरेंडीबाई, तिथं माझा हक्क नाही.”

“हक्काचं कोण बोलतंय? माझ्याशेजारची सारा न्युर्नबर्गला गेली. तिच्या पलीकडची देवाकडं गेली. त्या ओळीत मी एकटी आहे गं. समोर तुझी पाठ दिसायची, म्हणून वाटायचं, आपण अजून आहोत. आता नुसती फरशी दिसते.” बाईंनी तिची बाही धरली. “मला भीती वाटते, आग्नेथा.”

त्यांनी तिला नावानं कधी हाक मारली नव्हती. आग्नेथानं हात पुढं केला आणि दोघी सावकाश पुढं निघाल्या. डच जोडपं उगाचच उठून उभं राहिलं. पहिल्या ओळीशी पोचल्यावर आग्नेथा बाही सोडवून ओळीच्या टोकाला जायला निघाली, कारण वयाच्या क्रमानं धाकटीची जागा टोकाला. बाईंनी तिला ओढून अगदी आपल्याजवळ बसवलं.

ऑर्गनवाल्यानं गीत पहिल्या कडव्यापासून पुन्हा धरलं आणि आग्नेथा मोकळ्या गळ्यानं गायली. ओरेंडीबाईंनी आशीर्वचन होईपर्यंत तिची बाही सोडली नाही.